सांधेरोपणापूर्वीचा आहारसंयम

(आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन)

समाजातील अनेक ज्येष्ठ माता-भगिनींना आज मंदिराच्या पायऱ्या चढणे दुष्कर झाले आहे. गुडघ्यातील कूर्चा झिजलेली असते. डॉक्टर सांधेरोपण सुचवितात आणि सोबत सांगतात, "आधी वजन कमी करा." रुग्ण खचून जातो. चालताच येत नाही, तर वजन उतरावे कसे? उत्तर असे की, वजन मुख्यत्वे आहारातून उतरते. चालणे थांबलेल्यालाही तो मार्ग मोकळा आहे.

अमेरिकेतील वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले की, एक किलो वजन घटले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शिवाय अतिस्थूल रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळण्याचा व जंतुसंसर्गाचा धोका अधिक असतो. वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो अंक येतो, तो ४० च्या पुढे असल्यास अनेक शल्यविशारद सावध होतात. दीड मीटर उंचीच्या स्त्रीच्या बाबतीत ही मर्यादा ९० किलोंची ठरते.

अशा रुग्णाने पहिले उद्दिष्ट पाच ते दहा टक्क्यांचे, म्हणजे साधारण साडेचार ते नऊ किलोंचे ठेवावे. आठवड्याला अर्धा किलो ही गती सुरक्षित होय. एक लहान चमचा तेल म्हणजे सुमारे ४५ उष्मांक. फोडणीतील तेल, पोळीवरचे तूप, फरसाण, मिठाई आणि चहातील साखर यांना आवर घातला, तरी रोजचे कित्येक उष्मांक वाचतात.

मात्र डाळ व ताक कमी करू नये. प्रथिने घटली तर चरबीबरोबर मांडीचे स्नायूही झडतात, जखम भरण्यास विलंब लागतो आणि नव्या सांध्याला आधार उरत नाही. मूग, मटकी, चणाडाळ, दही, पनीर यांपैकी काही तरी प्रत्येक जेवणात असावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. बसल्या जागी मांडीचे व्यायामही फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.

शस्त्रक्रिया जवळ आली म्हणून लागोपाठ उपवास करून वजन उतरविण्याचा मोह टाळावा. मधुमेहाच्या औषधांवर असलेल्यांची साखर अशाने एकाएकी घसरू शकते. बाह्य तपांत अनशनानंतर ऊनोदरी सांगितली आहे. भुकेपेक्षा दोन घास कमी खाण्याची ही शिकवण अशा रुग्णाला अधिक मानवेल. मुलासुनांनीही आग्रहाची वाढणी थांबवून तिला साथ द्यावी.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञ व सांधेरोपणतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २०२३ मध्ये संयुक्त सल्ला दिला की, वजनाचा ठरावीक आकडा गाठण्यासाठीच शस्त्रक्रिया लांबवू नये. वर्षानुवर्षे घरी बसल्याने स्नायू क्षीण होतात आणि वेदना वाढतात. म्हणून प्रामाणिक प्रयत्नांनंतरही काटा अडला, तर रुग्णाने लाज न बाळगता पुन्हा डॉक्टरांकडे जावे आणि धोका व लाभ यांचा विचार त्यांच्यासमवेत करावा. स्थूलता हा अपराध नाही. आहारसंयम ही शस्त्रक्रियेची पूर्वतयारी आहे आणि तिचा आरंभ आजच्या ताटापासून करता येतो.