गुत्तुसो : पक्ष आणि कुंचला

सिसिलीतील बागेरियाचे चित्रकार रेनातो गुत्तुसो १९४० मध्ये, फॅसिस्ट राजवटीत, बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. १९४८ मध्ये पक्षनेते तोल्यात्ती यांनी बोलोन्यातील आधुनिक चित्रप्रदर्शनाची निर्भर्त्सना केली, तेव्हा हरकतीच्या पत्रावर सही करणाऱ्या पक्षीय कलावंतांत गुत्तुसोही होते. पक्ष मात्र त्यांनी सोडला नाही. पडीक जमिनींचा ताबा घेणारे सिसिलीचे शेतकरी त्यांनी १९४९-५० मध्ये भव्य पटावर रंगविले. १९६४ मध्ये निवर्तलेल्या त्याच तोल्यात्तींची अंत्ययात्रा त्यांनी १९७२ मध्ये चितारली : करड्या चेहऱ्यांच्या गर्दीवर लालभडक निशाणे! नेत्याला खडे बोल सुनावणारा हा माणूस १९८७ मध्ये मृत्यू येईतो पक्षाचाच राहिला, हे आपण कार्यकर्त्यांनी ध्यानी घ्यावे.