'गिव्ह अप' म्हणजे वर देणें नव्हे

इंग्रजी शाळेंत 'गिव्ह' म्हणजे देणें आणि 'अप' म्हणजे वर, हें पहिल्याच वर्षीं पाठ होतें. पुढें 'ही गेव्ह अप टोबॅको' असें वाक्य आलें कीं विद्यार्थी गडबडतो. कारण 'सोडून देणें' हा अर्थ त्या दोन शब्दांच्या बेरजेंत कोठेंच नसतो. 'सिट डाउन'ची बेरीज मात्र जुळते. 'टेक ऑफ' दोन्ही घरीं नांदतें: टोपी काढली तरी तेंच, विमान उडालें तरी तेंच. खरा घोटाळा नोकरीच्या पत्रांत होतो. अर्ज 'टर्न्ड डाउन' झाला हें वाचून, कागद नुसता पालथा घातला असेल, अशा समजुतीनें वाट पाहणारा उमेदवार फसतो. अर्ज नामंजूर झालेला असतो.

वस्तुतः मराठी मुलाला ही रीत परकी नाहीं. 'काम करून टाक' म्हटल्यावर तो काम खिडकीबाहेर फेकीत नाहीं. 'बोलून बसला' यांतला मनुष्य उभाही असूं शकतो, पश्चात्ताप तेवढा झालेला असतो! छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, हा दाखला दुहेरी मिळतो. १९४८ पर्यंतच्या निजामी अमलांत तेथील शिक्षणांत उर्दूचें प्राबल्य होतें. आणि 'कर डालो', 'कह बैठा' यांतही डालना व बैठना आपला मूळ अर्थ सोडतातच.

फरक एवढाच कीं मराठींत अर्थ फिरविणारें क्रियापद मागून येतें, इंग्रजींत तें काम 'अप', 'ऑफ', 'आउट' असले चिमुकले शब्द करतात. 'पुट ऑफ' पुढें ढकलणें, 'पुट आउट' विझविणें, 'पुट अप विथ' सोसणें, हीं जोडीनेंच वहींत उतरावींत. एकटा 'पुट' शिकलेला मुलगा परीक्षेंत दिवा बाहेर ठेवून येतो.