दोन प्रथिनांचा घातपात

गर्भाशयमुखाच्या बहुतेक सर्व कर्करोगांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा विषाणू असतो. हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळाले. या विषाणूची दोन प्रथिने घातक आहेत: ई-६ आणि ई-७. डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवणारे पेशीतले पी-५३ प्रथिन ई-६ नष्ट करते. ई-७ आरबी प्रथिनाचा विभाजनावरचा लगाम सोडवते. मग डीएनएच्या प्रती बनताना धागे तुटतात, गुणसूत्रांची वाटणी विषम होते, चुका वर्षानुवर्षे साचतात आणि कर्करोग होतो. लस या विषाणूचा संसर्ग रोखते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही भारतीय लसही आहे. ९ ते १४ वर्षांच्या मुलींना ती जरूर द्या आणि तिशीनंतर बायांनो, गर्भाशयमुखाची तपासणी टाळू नका.