अनुदान शाळेचं की लेकराचं?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



विहाराच्या कार्यक्रमात धम्मावर बोलावं अशी अपेक्षा असते. मी मात्र पैशावर बोलणार आहे, शाळेला मिळणाऱ्या सरकारी पैशावर. कुणाला हा विषय रुक्ष वाटेल. पण १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात बोलले ते शिक्षणाच्या खर्चावरच. सरकार शिक्षणावर माणशी किती आणे खर्चतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी किती रुपये काढून घेतं, याचा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. महाडचा सत्याग्रह २० मार्चचा. म्हणजे चवदार तळ्याच्या अवघे आठ दिवस आधी ते आकडे घेऊन उभे होते. त्याच भाषणात त्यांनी सांगितलं की, जो मागे पडला आहे त्याला इतरांइतकं देऊन भागत नाही, झुकतं माप द्यावं लागतं.

आता आपल्या नांदेड-लातूरकडे या. समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं. ते कशावर ठरतं? पटावर. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, हजारापर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख. त्यातला दहावा हिस्सा स्वच्छतेवर. उरलेल्यात लाइटबिल, खडू, झाडू, नळ, मोडलेलं दार. कुणी म्हणेल, लहान शाळेला लेकरामागे जास्तच मिळतं की! खरं आहे. ३० पटाला माणशी ३३३ रुपये पडतात आणि २५० पटाला २००. पण छत गळतं ते पट बघून गळत नाही, आणि लाइटबिलही पट विचारत नाही.

माझं दुखणं मात्र याहून वेगळं आहे. या सगळ्या कोष्टकात लेकरू कोण आहे, हा रकानाच नाही. तालुक्याच्या गावातली ९० पटाची शाळा, जिथं पालक वर्गणी काढून टीव्ही बसवतात, तिला २५ हजार. मुखेडच्या एखाद्या तांड्यावरची ९० पटाची शाळा, जिथं दिवाळी झाली की निम्मे आई-बाप कोयता घेऊन गाडीत बसतात, तिलाही २५ हजार. याला आपण समान वाटप म्हणतो! खाजगी अनुदानित शाळांचं वेतनेतर अनुदान तर शिक्षकांच्या पगाराच्या टक्क्यांवर काढतात. तिथं लेकराची गरिबी कुठंच येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो, म्हणून एक पाहिलेलं सांगतो. शाळेचं नाव सांगत नाही. पटावर ६३ लेकरं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० च्या वर पट गेला की तिसरा शिक्षक. पण संचमान्यतेला आधार जुळलेलीच लेकरं धरायची, असा आदेश आला. जुळली ५८. राहिलेली पाच कोण होती? एकीचं नाव जन्मदाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं. दोघा भावांचे आई-बाप वीटभट्टीवर, कागद त्यांच्याजवळ. बाकीची दोन भटक्या समाजाची, त्यांचा जन्म कुठं नोंदलेलाच नाही. पाचही रोज येऊन माझ्यासमोर बसत होती, पण कागदावर नव्हती. तिसरा शिक्षक गेला. सगळ्यांत गरिबाचं लेकरू मोजणीतून गळतं आणि त्याची शिक्षा सगळ्या शाळेला होते, हे मी त्या साली शिकलो.

फडावर गेलेल्या लेकराचंही तेच. ३० सप्टेंबरला ते गावात असतं, मोजलं जातं. नोव्हेंबरात ते उसाच्या फडात. पैसा गावात आणि पोर फडात. त्याच्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, चांगली आहे. पण टोळ्या गेल्यावर मंजुरी आली तर आजीजवळ कोण राहील? शिष्यवृत्तीपेक्षा वसतिगृहावर पैसा लावा, असं बाबासाहेबांनी त्या १९२७ च्या भाषणातच सांगितलं होतं, आणि त्याआधी १९२५ साली सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेचं वसतिगृह काढलंही होतं. १९९२ साली सरकारनं गरीब मुलींना हजेरीचा दिवसाला एक रुपया भत्ता सुरू केला. त्या काळी रुपयाला थोडीफार किंमत होती. पुढं वर्षानुवर्षं महागाई वाढली, रुपया रुपयाच राहिला.

मराठवाड्याला हिशेब कळत नाही असं नाही. १९८३ साली दांडेकर समिती नेमली गेली. तिनं राज्याचा अनुशेष ३१८६ कोटींचा काढला, त्यात आपला ७५० कोटींच्या वर. पुण्या-मुंबईइतकंच द्या, असं आपण म्हणालो नाही. मागचं राहिलेलं भरून द्या, म्हणालो. तेव्हा सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात बोलत होते. मग लातूर शहर आणि जळकोटचा तांडा यांच्यातला अनुशेष कुणी काढायचा? लातूर पॅटर्नचा आपल्याला अभिमान आहे, मलाही आहे. पण तो पॅटर्न अकरावीला सुरू होतो. आमचं लेकरू पाचवीतच गळतं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून याच नांदेड जिल्ह्यात पोचीराम कांबळे, गौतम वाघमारे यांचे प्राण गेले. त्या विद्यापीठाच्या दारापर्यंत हे लेकरू पोचणार कसं?

म्हणून मागणी एवढीच आहे. अनुदानाच्या कोष्टकात लेकराच्या परिस्थितीला वजन द्या. स्थलांतरित, भूमिहीन, पालातलं, घरात पहिल्यांदाच शाळा पाहिलेलं, असं एक लेकरू दीड किंवा दोन धरा. आणि जे रोज वर्गात बसतं ते कागद नसला तरी मोजा.

सरकार करील तेव्हा करील. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, हा कायदा आहे. इथं बसलेल्यांपैकी किती जण त्या बैठकीला जातात? अनुदानाचं खातं वाचून दाखवा म्हणून कधी कुणी विचारलं? पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता आपल्या वस्तीतल्या शाळेच्या वयाच्या प्रत्येक लेकराची यादी इथंच करायची आहे. आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, जे असेल ते घेऊन या. काहीच नसेल तर नुसतं लेकरू घेऊन या. जयभीम.