दादीशी गप्पा

दादीशी माझं बोलणं दोनच वाक्यांचं होतं. “दादी, गोळी घेतली?” “घेतली, बेटा.”

एका संध्याकाळी वीज गेली, मोबाइलही बंद पडला. सहज तिच्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाबद्दल विचारलं. १९७२च्या दुष्काळात ती सोलापूरकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा हातोडा बसला होता. तिथं मिळणारी सुकडी निम्मी खायची, निम्मी पदरात बांधून लहानग्या अब्बांसाठी आणायची. अब्बांनाही हे ठाऊक नव्हतं.

“सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलंच नाही.”

आता रोज मगरिबनंतर आमच्या गप्पा रंगतात. तिला कालचं आठवत नाही, बहात्तरचं आठवतं. तेही पुसलं जाण्याआधी मला ऐकायचंय. तुम्हीही घरी गेल्यावर गोळीचं जरूर विचारा. पण तिथंच थांबू नका.