वाचनालयाची फळी का पडली?

मंडळी, आपल्या वाचनालयाचे कपाट जुने, सुटे भाग जोडून उभे केलेले. परवा त्याची मधली फळी पुस्तकांसकट खाली आली. तिथे रोज पोरे बसतात. तेव्हा कोणी नव्हते, म्हणून वाचलो.

आम्ही आधी फळीलाच बोल लावला. पण फळी आखूड नव्हती! कपाटाच्या पाठीचे खिळे सुटले होते. त्याने बाजू फाकल्या, नि फळी खुंट्यांवरून निसटली.

कपाट रिकामे करून पालथे घातले. बाजू आत दाबल्या. सुतळीने कोपऱ्यापासून तिरप्या कोपऱ्यापर्यंत मापले. दोन्ही मापे सारखी आली, तेव्हाच पाठ ठोकली. जुन्या भोकात खिळा धरत नाही, दोन बोटे सोडून ठोकावा.

खालची फळी भुशाची. ओलीने फुगली आहे, ती बदलावीच लागेल. तोवर पोरांनी खिडकीशी बसावे.