लाल पानाचा प्रश्न
(गंगाखेड येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



वनस्पती हिरव्या पानांत आपले अन्न तयार करतात, असे आपण वर्गात सांगतो. त्यावर एखादा मुलगा विचारतो, "गुरुजी, मग लाल माठाचे काय?" तो अपवाद आहे, असे म्हणून त्यास खाली बसविण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा. मुलाची शंका रास्त असते आणि आपले उत्तर चुकीचे असते.

लाल माठाची चार पाने पाण्यात उकळावी. तांबडा रंग पाण्यात उतरतो व पाने हिरवी दिसू लागतात. तांबडे द्रव्य पाण्यात विरघळते, हरितद्रव्य विरघळत नाही. ते पानात प्रथमपासूनच होते, तांबड्या रंगाखाली झाकलेले होते इतकेच.

हे हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील निळे व तांबडे किरण विशेषेकरून शोषून घेते. हिरवे किरण त्या मानाने कमी शोषले जातात, म्हणून पान आपणांस हिरवे दिसते. शोषलेल्या शक्तीने पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू सुटतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनते.

पानात पिवळी द्रव्येही असतात. ती काही किरण टिपून त्यांची शक्ती हरितद्रव्यास देतात आणि प्रखर उन्हात त्याचे रक्षण करतात. ती पाहण्यास आपला खडू पुरे. हिरवी पाने थोड्या स्पिरिटमध्ये वाटून गाळावी व त्या अर्कात पांढरा खडू उभा करावा. अर्क वर चढताना हिरव्या पट्ट्याच्या वर पिवळा पट्टा उमटतो. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळ विस्तव नसावा व हे काम शिक्षकांनी स्वतः करावे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीतही खडूचीच भुकटी होती.

हे ज्ञान शेतातही उपयोगी पडते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत भुईमुगाची कोवळी पाने कधी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जमिनीत लोह असूनही ते मुळांस मिळत नाही आणि लोहावाचून हरितद्रव्य तयार होत नाही. हे ओळखणारा विद्यार्थी घरी जाऊन वडिलांस चार शब्द सांगू शकेल.

म्हणून पुढच्या वेळी असा प्रश्न आला, तर उत्तर देण्याची घाई करू नये. त्या मुलासच माठाची पाने आणावयास सांगावे.